उद्या उमलणाऱ्या कळ्या

जीप दारात थांबली तेव्हा मी डाळ निवडत बसले होते. इंजिन बंद झालेलं ऐकलं, उठले आणि आधी दाराला कडी घातली. मग आतूनच विचारलं, कोण आहे? माझ्या सुना यावरून हसतात मला. नातवंडं कॉलेजात जायला लागली, तरी दारात मोटार थांबली की माझा हात आधी कडीकडे जातो तो जातोच. बाहेर अण्णाच्या शेजारी राहणारे गृहस्थ होते, बीदरहून थेट उदगीरला आलेले. मी कडी काढली. ते उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, "अक्का, मास्तर गेले. सकाळी चहा घेतला अन् तसेच भिंतीला टेकून..." आणि अशा वेळी मी काय विचारावं? मी विचारलं, "म्हणजे कुणी नेलं न्हाई ना त्याला?" ते माझ्या तोंडाकडे बघतच राहिले. त्यांना कळायचं काही कारणही नव्हतं. अण्णाला कुणीतरी गाडीत घालून नेईल, ही धास्ती मी एका पावसाळ्यात घेतली आणि ती माझ्या अंगातून कधी गेलीच नाही. आता तो गेला, आपल्या घरात, आपल्या अंथरुणाजवळ, चहाची कपबशी शेजारी ठेवून गेला. सव्वा महिना झाला. कुणीतरी हे नीट लिहायला पाहिजे, आणि लिहिणारी मीच उरले आहे.

अण्णा म्हणजे माझा मोठा भाऊ, शरणप्पा मास्तर. आमचं मूळ गाव कोहिनूर. घरात लिंगपूजा, दारात फुलझाडं, आणि बोलणं निम्मं मराठीत, निम्मं कानडीत. अण्णा निजामाच्या राज्यात चित्रकलेचा मास्तर झाला आणि मन्नाएखेळ्ळीच्या सरकारी शाळेत लागला. शाळा हैदराबादच्या सडकेला लागूनच होती. शाळेच्या आवारातच दोन खोल्यांचं, मातीच्या माळवदाचं घर त्याला राहायला मिळालं होतं. तिथं अण्णा आणि वहिनी राहात. माणूस शांत, पण फुलांच्या बाबतीत हट्टी, आणि हट्टी म्हणजे अगदी छळवादी! एकदा कसल्याशा परीक्षेला हैदराबादला गेला आणि येताना ट्रंकेत कपड्यांच्या जागी ओल्या गोणपाटात गुंडाळलेले गड्डे घेऊन आला. कुणाच्या तरी जुन्या बागेत घर बांधायचं होतं, तिथल्या बुढ्या माळ्यानं उपटलेलं सगळं याच्या ओटीत घातलं होतं. वहिनीनं ते गड्डे पाहिले, तिला वाटलं आलं आणलंय. चहाचं आधण ठेवून एक गड्डा ठेचायलाच घेतला बिचारीनं. अण्णा असा धावला की त्याचा पाय पाटात अडकून तो चुलीपुढे आडवा झाला. "अगं, आलं न्हवं ते, सोसन हाय सोसन!" आयरिसला तिकडे उर्दूत सोसन म्हणत, शाळेतही तेच नाव. वहिनी म्हणाली, "सोसन असू नाहीतर फोसन असू, मला चहात घालायला आलं कोण आणणार?" त्या दिवशी चहा तसाच प्यावा लागला.

पुढच्या वर्षी थंडी सरताना सोसन फुललं, तेव्हा मी माहेरी आले होते. अण्णानं मला हाताला धरून वाफ्याजवळ बसवलं. मी म्हणाले, छान आहे, निळं आहे. तो चिडलाच. म्हणाला, "निळं आहे हे आंधळा सोडून कुनीबी सांगेल. तू बघ तर खरी." मग त्यानं दाखवलं. तीन पाकळ्या वर उभ्या, एकमेकींना टेकून छप्पर केल्यासारख्या. तीन खाली लोंबत्या. लोंबत्या पाकळीच्या मधोमध पिवळ्या केसांची एक ओळ, तिला तो दाढी म्हणायचा. "ही मधमाशीची पायवाट. या वाटेनं ती आत जायलीय बघ." रंग वाचायला त्यानं मला लुगड्यांवरून शिकवलं, कारण लुगडं मला कळत होतं. अंग कुठल्या रंगाचं, काठ वेगळा आहे का, वरच्या तीन फिक्या आणि खालच्या तीन गर्द असं दुरंगी आहे का, का पांढऱ्या अंगावर नुसत्या काठाला जांभळे ठिपके आहेत. उन्हाळा सरताना दुसरी फुलं यायची, ती दिवसाची लिली. सकाळी उमलायची, तिन्हीसांजेला मिटायची ती कायमची. दुसऱ्या दिवशी त्याच दांड्यावर दुसरी कळी. तिला सहा पाकळ्या आहेत असं म्हटलेलं अण्णाला खपायचं नाही. "सहा न्हाईत. तीन आत, रुंद. तीन भाईर, अरुंद. आतल्या पाकळ्या, भाईरचं त्यांचं पांघरूण." आणि रंग? लांबून केशरी. जवळ गेलं की गळा पिवळा, गळ्याभोवती विटकरी पट्टा, त्याला डोळा म्हणायचं, आणि प्रत्येक पाकळीच्या मधून एक फिकट रेघ. ते फूल अण्णाला कधी नुसतं केशरी दिसलंच नाही. आमच्यावर पुढे जे आलं ते त्याच्या या नजरेमुळेच आलं, असं मला आता वाटतं.

सत्तेचाळीस साल उलटलं. सगळ्या मुलखात झेंडे लागले आणि आमच्याकडे मात्र माणसं कुजबुजत बोलायला लागली. सडकेवरून लॉऱ्या जायच्या, त्यांत बंदुका घेतलेली निजामाच्या बाजूची माणसं उभी असायची. आम्ही त्यांना नुसतं खाकीवाले म्हणत असू. त्यांचं खरं नाव घरातसुद्धा काढायचं नाही, वहिनीची तशी ताकीदच होती. तिरंगा नुसता घरात सापडला तरी माणूस उचलून नेत. शेजारच्या गावातल्या एका शेतकऱ्यानं बांधावरच्या बाभळीला तो बांधला होता, त्याला नेलं आणि तो परत आला नाही. त्याची बायको आठवड्याच्या बाजाराला यायची, कपाळाला ठळक कुंकू लावून, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडे बघायची. मी तिच्या नजरेला नजर देत नसे. अशा दिवसांत मी पहिल्या बाळंतपणाला म्हणून अण्णाकडे आले. आई नव्हती, तेव्हा माहेर म्हणजे तेच घर.

आठवा लागला होता. ज्येष्ठ संपत आला होता, दोन-तीन सरी पडून ऊन आलं होतं. घरातली डाळ ओलसर झाली होती, ती वाळत घालायला मी माळवदावर चढले. वहिनी खालून ओरडत होती, शिडी चढू नको म्हणून. सूप ठेवलं, कमरेला हात देऊन उभी राहिले आणि सहज शाळेच्या आवाराकडे बघितलं.

सडकेच्या कडेला अण्णानं नवा लांबोडा वाफा केला होता. माळीकामाचा साधा नियम, उंच झाड मागे, बुटकं पुढे. म्हणून सगळ्यात मागे दिवसाची लिली, तिच्यापुढे पावसाची पांढरी लिली, आणि अगदी पुढे बुटक्या सोसनाची रांग, फुलं होऊन गेलेली, नुसती हिरवी पाती. खाली उभं राहिलं की फुलांत फुलं मिसळलेली दिसायची. माळवदावरून मात्र तीन सरळ पट्टे दिसत होते. वर केशरी, मध्ये पांढरा, खाली हिरवा.

"वैनी, वर ये."

"कामून? पोटात दुखायलंय का?"

"न्हाई. तू ये आधी."

ती आली, बघितलं आणि मटकन खाली बसली. पदर तोंडात धरला. मग अण्णा आला. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. आधी तो खूश झाला, देवाशपथ सांगते! रंग कसे उठून आलेत असं काहीतरी म्हणालाही. मग त्याचं त्यालाच दिसलं. "शिव शिव," म्हणाला, "उंच मागं अन् बुटकं पुढं लावलं गं... एवढंच केलं मी." सडकेवरून जाणाऱ्या लॉरीत उभा राहिलेला माणूस जवळजवळ आमच्या माळवदाएवढाच उंच असतो, हे आम्हा तिघांनाही एकदमच कळलं. आणि लॉऱ्या रोज जात होत्या.

"उपटून टाक समदं," मी म्हणाले.

अण्णा म्हणाला, "उपटलं तर गाव विचारंल, कामून उपटलं? आजवर कुनाच्या मनात आलेलं न्हाई, ते आपुनच दाखवून दिल्यासारखं होईल."

खरंच होतं ते. मग पांढरी काढावी का? तर पावसाच्या लिलीचा काही भरवसाच नाही. ती सर पडली की जमिनीतून वर येते, आज मोकळी दिसलेली जागा उद्या फुलांनी भरते. केशरीचं तसं नव्हतं. तिच्या कळ्या उंच दांड्यावर आधी आठवडाभर दिसत असतात, आणि त्यांतली कुठली उद्या उमलणार हे संध्याकाळी ओळखता येतं. ती इतरांपेक्षा फुगते, हिरवा रंग सोडून पिवळसर होते आणि तिचं टोक किंचित सैल पडतं. अण्णाला ते पक्कं ठाऊक होतं. उद्याच्या कळ्या आज संध्याकाळी खुडायच्या, म्हणजे केशरी पट्टा उमटणारच नाही. एवढं सोपं. पण आमच्या घरात कळी तोडत नाहीत. लिंगाला वाहायचं फूल पुरतं उमललेलं असावं, कळी खुडणं म्हणजे देवाच्या तोंडचं काढून घेणं, असं आमच्या वडिलांनी, अप्पांनी, आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. वहिनी तर रडायलाच लागली. "घरात गर्वारशी हाय, अन् तुमी कळ्या खुडायलाव? तिच्या पोटाला काय झालं म्हंजे?" अण्णानं वाफ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "मला नेलं तर तिच्या पोटाला काय हुईल, ते बी बघ."

त्या दिवसापासून रोज तिन्हीसांजेला अण्णा पाण्याची झारी घेऊन वाफ्यात जायचा, आणि धोतराच्या ओच्यात कळ्या घेऊन यायचा. वहिनी त्या उकिरड्यावर टाकू देत नसे. परसात तुळशीमागे खड्डा करून पुरायची, आणि मला तिकडे पाठ करून बसायला लावायची. मी पाठ केली तरी काय, मला खुडल्याचा आवाज यायचा. कट्, कट्. मी पोटावर हात ठेवून बसायची. जेवताना अण्णा बोटं पुन्हा पुन्हा धुवायचा. एखाददुसरी कळी चुकून राहायची आणि सकाळी एकटंच केशरी फूल वर मान काढून उभं असायचं, तेवढ्यानं काही बिघडत नव्हतं. गावात कुणी काही बोललं नाही. शाळेचे हेडमास्तर, वयस्क मुसलमान गृहस्थ, रोज वाफ्याजवळ थांबून काठी टेकत पुढे जायचे. अण्णाच्या बागेचं त्यांना कौतुक होतं. त्यांनी एकदा नुसतं विचारलं, "क्या मास्टर, इस साल फूल कम दिखरे?" अण्णा म्हणाला, कीड लागली आहे. हेडमास्तर "हौ" म्हणाले आणि निघून गेले. त्या रात्री वहिनी जेवली नाही.

आणि मग एके दिवशी अण्णा झारी घेऊन निघणार तेवढ्यात लॉरी आली आणि गेली नाही. शाळेच्या फाटकातून आत वळली. खाकीवाले शाळेच्या व्हरांड्यात मुक्कामाला उतरले. अण्णानं झारी खाली ठेवली. आता वाफ्यात वाकून कळ्या खुडणाऱ्या मास्तरांना कुणी ना कुणी विचारलंच असतं. आम्ही दिवा बारीक केला आणि दार लावून घेतलं. वहिनीनं अण्णाचं एक जोड धोतर आणि थोड्या दशम्या बांधून दारामागे ठेवल्या, नेलंच तर बरोबर असाव्यात म्हणून. तिच्या डोक्यात ते यावं याचीच मला जास्त भीती वाटली. उजाडलं तेव्हा मी फटीतून बघितलं. त्या दिवशीच्या सगळ्या कळ्या उमलल्या होत्या. इतकी फुलं त्या वाफ्याला मी कधीच पाहिली नव्हती. खाकीवाले हौदावर तोंड धूत होते, त्यांची लॉरी वाफ्यासमोरच उभी होती, आणि आता थोड्या वेळानं ते तिच्यात चढून उभे राहणार होते.

तेवढ्यात हेडमास्तर आले. शाळेची वेळ झाली नव्हती, मुलं एकेक करून यायला लागली होती. त्यांनी घंटा वाजवायला लावली आणि आमच्या घराकडे तोंड करून मोठ्यानं हाक मारली, "मास्टर! आज फूल का सबक है ना? बच्चों कू भाईर बिठाव. हर बच्चा एक एक फूल तोडेगा." अण्णा दारात गेला. त्यानं कधी कुणा मुलाला फूल तोडू दिलं नव्हतं, तो झाडावरच दाखवायचा. हेडमास्तर काठीनं वाफा दाखवत म्हणाले, "नारंगी वाले तोडो. बाकी कू हाथ नक्को लगाव." मग मात्र अण्णाच्या लक्षात आलं. माझ्याही आलं. हेडमास्तरांना सगळं माहीत होतं. केव्हापासून, देव जाणे.

पोरांना काय, मास्तर फुलं तोडायला सांगतात याचाच आनंद! बघता बघता वाफ्याचा मागचा पट्टा मोकळा झाला. मुलं मातीत ओळीनं बसली, प्रत्येकाच्या पाटीवर एक फूल. अण्णा बाहेर आणलेल्या फळ्याशी उभा राहिला. आतून मला त्याचा हात दिसत होता, खडू फळ्यावर नुसता टकटकत होता. खाकीवाल्यांचा म्होरक्या, जेमतेम मिसरूड फुटलेला तरुण, बंदूक खांद्याला अडकवून जवळ आला. "क्या पढारे?" हेडमास्तर म्हणाले, "फूल की बनावट. बैठो, सुनो तुम बी." त्यानं एका मुलाच्या पाटीवरचं फूल उचललं, उलटसुलट केलं आणि म्हणाला, "छे पत्त्यां हैं. इसमें पढाने का क्या है?" आणि आमचा अण्णा... भीतीनं अर्धा झालेला तो माणूस, सवयीनं म्हणतो काय, "छे नक्को बोलो साहेब. तीन अंदर, तीन भाईर." वहिनीनं कपाळावर हात मारून घेतला. त्या म्होरक्यानं फूल डोळ्यांजवळ नेलं, बोटानं एकेक पाकळी बाजूला केली. किती वेळ लागला त्याला तीन आणि तीन मोजायला! मग तो हसला. "हौ की," म्हणाला आणि फूल टाकून दिलं. ते सगळे लॉरीत चढले. उभे राहिले, वाफ्याकडे त्यांनी बघितलंही. तिथं पांढरं होतं आणि हिरवं होतं. लॉरी फाटकाबाहेर गेल्यावर अण्णा फळ्याला टेकून खाली बसला. मुलांना वाटलं, धडा संपला.

माझी मुलगी श्रावणात झाली, धडधाकट झाली. पुढच्याच महिन्यात फौजा आल्या, निजामाचं राज्य गेलं. आता भीती गेली असं आम्हाला वाटलं. पण तिनं फक्त घर बदललं होतं. गावात कुणाच्या तरी डोक्यात आलं की शरणप्पा मास्तरांनी फुलांचा तिरंगा लावला होता, खाकीवाल्यांच्या नाकावर टिच्चून! बोलता बोलता ते सगळ्यांना पटलं. आणि मग ओघानंच दुसरं आलं, की हेडमास्तरांनी तो पोरांकडून तोडवला. एका सकाळी हार घेऊन लोक आमच्या दारात आले. त्यांच्याच मागच्या माणसांच्या हातांत लाठ्या होत्या, कारण इथून ते हेडमास्तरांच्या घरी जाणार होते. मी मुलीला छातीशी धरून आत उभी होते. अण्णाच्या गळ्यात हार पडला. तो काढून त्यानं हातात घेतला आणि म्हणाला, "झेंडा मी लावला न्हवता. मला तो दिसला बी न्हवता. दिसला तवा मी भ्यालो, अन् रोज संध्याकाळी ह्या हातानं कळ्या खुडल्या. परसात पुरल्यात, उकरून बघा. त्या दिवशी हेडमास्तर साहेब नसते तर मी आज नसतो. आधी मला मारा, मग तिकडं जावा." कुणीतरी म्हणालं, मास्तर भ्याड निघाला. कुणीतरी थुंकलं. हार तिथंच मातीत पडला. पण लोक पांगले. अण्णानं त्याच दुपारी बैलगाडी जुंपायला लावली आणि हेडमास्तरांना, त्यांच्या बेगमसाहेबांना स्वतः मोटारीपर्यंत पोचवून आला. जाताना ते काय म्हणाले, मी विचारलं. अण्णा म्हणाला, "सोसनला पानी जास्त घालू नका म्हनले." पुढे त्यांची काही खबर आली नाही.

अण्णा बीदरला बदलून गेला, तिथंच घर केलं. दारात दिवसाची लिली लावली, पण तिच्यापुढे पांढरं काही नाही. गेली कित्येक वर्षं मी जायची तेव्हा बघायची, तिन्हीसांजेला तो त्या फुलांसमोर हात पाठीमागे घट्ट बांधून उभा असायचा. एकदा मी चेष्टा केली, "काय रे, कवायत करतोस का?" तो हसला नाही. म्हणाला, "हात ऐकत न्हाईत गं. उद्याची कळी दिसली की आपसूक पुढं जायलेत."

परवा त्याच्या बीदरच्या शाळेनं शोकसभा घेतली. एका पुढाऱ्यानं भाषणात तीच गोष्ट सांगितली, फुलांच्या तिरंग्याची, आणि टाळ्या पडल्या. मला ओरडावंसं वाटत होतं, पण इतकी माणसं बघून मी बसूनच राहिले. वहिनी उठली. ऐंशीच्या घरातली बाई, काठी टेकत उभी राहिली आणि म्हणाली, "आसं न्हाई ते. ह्ये भ्याले होते. मी बी भ्याले होते. लई भ्यालो होतो आमी. एवढंच खरं हाय." आणि बसली.

संध्याकाळी आम्ही अण्णाच्या घरी आलो. वहिनी दारात बसली, मी वाफ्याकडे गेले. दांड्यांवर कळ्या होत्या. कोणत्या उद्याच्या ते मला लांबूनच दिसलं, फुगलेल्या, पिवळसर, टोकाला सैल झालेल्या. माझा उजवा हात वर आला होता. मी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकमेकांत घट्ट धरले.

"हात सोड की गं," वहिनी दारातून म्हणाली. "आता कोन यायलंय?"

मी सोडले नाहीत.